घर हुबेहूब तसंच आहे

कारखाना हलणार हे साहेबांनी सांगण्याआधी कॅन्टीनमध्ये कळलं होतं. कॅन्टीनवाल्यानं साखर पोत्यानं आणायचं सोडून पिशवीनं आणायला सुरुवात केली, तेव्हाच लोकांच्या मनात पाल चुकचुकली. मग एका सकाळी सगळ्यांना मालाच्या फाटकाशी बोलावलं. साहेब लाकडी फळ्यांच्या ढिगावर चढून उभे राहिले आणि म्हणाले, कंपनी वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

"आनंदाची गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय येणार," शेजारी उभा असलेला मशीनवाला पुटपुटला. ह्या मशीनवाल्याला सगळे घड्याळ म्हणायचे, कारण तो स्वतः घड्याळ वापरत नव्हता आणि दिवसभर दुसऱ्यांना किती वाजले ते विचारायचा.

आनंदाची गोष्ट अशी निघाली की, दूरच्या एका गावात नवा कारखाना उभा राहिला होता आणि जुना बंद होणार होता. जे येतील त्यांची नोकरी राहील, राहायला कंपनीचं घर मिळेल. जे येणार नाहीत त्यांना नियमाप्रमाणे जे असेल ते देऊन मोकळं करण्यात येईल. पंधरा दिवसांत काय ते सांगा.

"नियमाप्रमाणे म्हणजे किती हो, साहेब?" मागून कुणीतरी विचारलं.

"नियमाप्रमाणे," साहेब म्हणाले आणि जपून खाली उतरले.

घड्याळ म्हणाला, "मी नाही जात. माझा मेव्हणा दुकान टाकतोय, त्याच्या गल्ल्यावर बसेन. तुझं काय, उलटेराव?"

"घरी विचारून बघतो," उलटेराव म्हणाला. त्याला घरी बसलेली सासू आठवली.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा होता. खोक्यावर जे काही छापायचं ते आधी रबराच्या ठशावर उठवलेलं असतं, उलटं. तो ठसा लोखंडी रुळावर सरळ चिकटवायचा आणि मशीन सुरू होण्याआधी नीट वाचून बघायचा, हे त्याचं काम. उलटी अक्षरं वाचायला नव्या माणसाला जड जातात, म्हणून टेबलाशेजारी एक आरसा टांगलेला असे. आरशात बघितलं की उलटं सुलटं दिसतं. ह्याला आरसा लागत नव्हता. इतकी वर्षं त्याच कामात गेली होती की त्याच्या डोळ्याला उलटं आणि सुलटं एकच झालं होतं. ठशाकडे बघून तो वर्तमानपत्र वाचावं तसा घडाघडा वाचायचा. म्हणून उलटेराव.

बायको गेल्यापासून त्याच्या घरात दोनच माणसं होती, तो आणि त्याची सासू. सासूबाईंना दिसत नव्हतं. दृष्टी हळूहळू गेली, आधी कडेकडेनं आणि मग मधली. त्या दिवसांतच बायकोनं आईला आपल्याकडे आणलं होतं आणि घर आईच्या हातांना कळेल असं मांडलं होतं. खाटेवरून उठलं की डावा हात भिंतीला लावायचा. भिंत संपली की स्वयंपाकघराचं दार. त्याच्या पुढे बाथरूम. ओट्यावरच्या फळीवर डबे ओळीनं. डावीकडून पहिला मिठाचा, त्याला दोरा बांधलेला. मग साखर, तिला दोन दोरे. मग चहा, डाळ, तांदूळ. कुणी डबा इकडचा तिकडे केला की बायको त्याच्यावर डाफरायची. "जिथलं तिथे ठेवायला हात मोडतात का हो तुमचे? आईनं चहात मीठ टाकलं तर तुम्ही पिणार आहात का?"

तो एकदा प्यायला होता. तोंड वाकडं न करता सगळा कप संपवला होता. सासूबाईंना अजून ते माहीत नव्हतं.

आजारपणात बायको सुकत गेली आणि गेली. पण तिनं मांडलेलं घर जागचं हललं नाही. तो डबा उचलायचा आणि खाली जिथे गोल डाग होता त्यावरच परत ठेवायचा. तिचा कंगवासुद्धा फळीच्या टोकाला तसाच होता. सासूबाई चहा करताना त्यांची बोटं कंगव्याला लागायची, तिथे थांबायची आणि पुढे जायची. दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नव्हता.

लोक बोलत होते. लेक गेली, आता जावयाच्या घरात म्हातारी कशाला? मुलगा आहे ना चांगला कमावता? मुलगा होता. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, ये ना इकडे," आणि प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "बघू." मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्याची मुलं खेळणी जमिनीवर टाकून जायची. आंधळ्या माणसाला ते घर म्हणजे खड्ड्यांचा रस्ता.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं हातपाय धुतले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली, वाटी चुकली नाही.

"तुम्ही जाणार," त्या म्हणाल्या.

"ह्या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार, आई?"

"मी विचारलं नाही, जावईबापू. मी सांगितलं. तुम्ही जाणार. प्रश्न माझा आहे."

"तुम्ही माझ्याबरोबर याल."

"मी ह्या घरात बघते. बाहेर मी आंधळी आहे." त्यांनी दुसरी पाकळी उचलली. "मुलाकडे जाते. जे होईल ते होईल."

त्याला जेवण गेलं नाही. त्या गेल्या तर घरात कुणीच उरणार नव्हतं ज्याच्याशी बायकोविषयी न बोलता बोलता आलं असतं. दुसऱ्या माणसांना सगळं सांगावं लागतं, कशी होती, काय झालं. सासूबाईंना काही सांगावं लागत नव्हतं. त्या मिठाचा डबा जागेवर ठेवायच्या आणि तेवढ्यानं त्याचा दिवस पार पडायचा.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं इच्छुकांना बसमध्ये घालून नवं गाव दाखवायला नेलं. कंपनीची घरं बैठी होती, ओळीनं, प्रत्येकापुढे सिमेंटची एक पायरी. एका बाबूनं किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत एक दार उघडलं. उलटेराव आत जायला निघाला आणि दारातच थबकला.

दोन खोल्या. बाहेरची लांबट. भिंतीला लागून खाटेची जागा, भिंत संपली की स्वयंपाकघराचं दार, त्याच्या पुढे बाथरूम. ओट्यावर फळी. खिडकीसुद्धा ओट्यापाशीच. तो आतून बाहेर, बाहेरून आत दोनदा फिरला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याला भूक लागली.

"काय काका, घर पसंत?" बाबूनं विचारलं.

"माझंच घर आहे हो हे," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं चपला काढण्याआधी सांगितलं, "आई, घर हुबेहूब तसंच आहे. अगदी आपलंच उचलून तिथे ठेवावं तसं!"

"सगळी घरं तशीच असतात. दार, खिडकी, भिंत."

"तसं नाही. खाटेवरून उठलं की भिंत. भिंत संपली की स्वयंपाकघर."

त्यांचा चेहरा थोडा बदलला. "आणि बाथरूम?"

"त्याच्या पुढे."

"डाव्या हाताला?"

"डाव्या हाताला," तो म्हणाला. क्षणभरही अडखळला नाही.

"फळी आहे?"

"आहे. मी सगळं तसंच मांडीन. एक डबा इकडचा तिकडे होणार नाही."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मुलाला फोन लावून द्या. त्याला सांगते, आत्ता नको म्हणून. आणि तुम्ही जेवा आता. चार दिवस जेवला नाहीत, ताट घासताना कळतं मला."

हलायच्या दिवशी घड्याळ मदतीला आला. खाट ट्रकवर चढवताना म्हणाला, "उलटेराव, तिकडे गेल्यावर फोन कर हं. किती वाजले ते विचारायला मला कुणीतरी लागेल." आणि मग तोंड फिरवून दोरी आवळत राहिला.

नव्या घरात त्यानं हमालांना फक्त सामान आत ठेवू दिलं. मांडामांड स्वतः केली. सासूबाईंना शेजारच्या बाईंकडे बसवलं होतं. ही शेजारीण पोरसवदा होती, बोलकी, नवरा त्याच कारखान्यात. त्यानं खाट भिंतीला लावली, कपाट तिच्या पुढे. मग डबे. दाराकडून पहिलं मीठ, मग साखर, मग चहा, डाळ, तांदूळ. शेवटी टोकाला कंगवा. मागे सरून त्यानं फळीकडे बघितलं. ती तशीच होती. काम करता करता दोनदा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला होता, तेवढं त्यानं नव्या घराच्या माथी मारलं.

सासूबाईंना हात धरून आणलं आणि खाटेवर बसवलं. त्यांनी खाटेची कड चाचपली, उशी चाचपली आणि म्हणाल्या, "चुन्याचा वास येतोय. बाकी ठीक." त्या दिवशी सगळीकडे त्यानंच त्यांना हात धरून नेलं. प्रवासानं अंग आंबलं होतं, त्यामुळे त्यांनीही फारसं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. संध्याकाळी परत आला तर घराचं दार उघडं आणि आत शेजारणीचा आवाज. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. कपाळाला टेंगूळ आलं होतं. उजवा हात त्यांनी मांडीवर दुसऱ्याचा असावा तसा ठेवला होता. जमिनीवर तांदूळ सांडले होते.

"धपकन आवाज आला म्हणून धावत आले," शेजारीण म्हणाली. "आजींना म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणतात जावई येऊ देत."

मनगटाचं हाड तडकलं होतं. डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. रिक्षात त्यांनी प्लास्टरचा हात छातीशी धरून ठेवला. घरी येऊन खाटेवर बसल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, बाथरूम कुठे आहे?"

"असं काय विचारता? तिथेच. भिंतीनं जायचं."

"कोणत्या हाताला?"

"डाव्या."

"डाव्या हाताला भिंत नाही. डाव्या हाताला तुमचं कपाटही नाही. मी हात लावला तर हवा लागली. उठून गेले तर कुठल्या कुठे. चहा करावा म्हटलं तर पहिल्या डब्यात तांदूळ."

"अहो आई, असं कसं होईल? मी स्वतः लावलंय सगळं."

"या इकडे. बसा खाटेवर." त्या सरकल्या. "आता डोळे मिटा. फसवायचं नाही. मिटले? आता आपल्या घरात आहात असं समजा आणि जा बाथरूमला."

तो उठला. डोळे मिटून डावा हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. चार पावलं टाकली आणि समोरच्या भिंतीवर कपाळ आपटलं.

त्यानं डोळे उघडले. खोली तीच होती. सगळं जागच्या जागी होतं. आणि तरीही सगळंच दुसऱ्या बाजूला होतं. भिंत उजवीकडे, स्वयंपाकघर उजवीकडे, खिडकी उजवीकडे. ठशावरचं घर जसं असावं तसं. त्यानं फळीकडे बघितलं. त्याच्या डोळ्याला ती अजूनही बरोबरच दिसत होती. त्यानं मुद्दाम आपला डावा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं. मीठ उजव्या टोकाला होतं.

"लागलं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मलाही."

तो त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. म्हणाला, "आई, मला खरंच कळलं नाही. मला तसंच दिसलं."

"तसंच दिसलं! आंधळी मी आहे की तुम्ही?"

"माझं काम तसलं आहे. आमच्याकडे सगळं उलटं असतं, ते मला..."

"मी विचारलं होतं. शब्दानं विचारलं होतं. डाव्या हाताला का? तुम्ही म्हणालात, डाव्या." त्यांचा आवाज चढला नाही, त्यानं तो जास्त घाबरला. "नोकरी टिकवायची होती, तर तसं सांगायचंत. सोबत हवी होती, तर तसं सांगायचंत. मी विचार केला असता. पण आंधळ्या माणसाला बाजू खोटी सांगायची? माझ्या लेकीनं सगळा संसार माझ्या हाताच्या अंदाजानं लावला होता, आणि तुम्ही..."

वाक्य तिथेच सोडून त्या डाव्या हातानं फोन शोधायला लागल्या. त्यानं तो उचलून त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

मुलगा येत्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मग त्यानं, "भाऊजींना दे," म्हटलं.

"भाऊजी, मी तुम्हाला कधी काही बोललो नाही. पण ताई असती तर आई अशी पडली असती का?"

"नसती पडली," तो म्हणाला.

"बस. एवढंच म्हणायचं होतं."

त्या आठवड्यात शेजारीण सासूबाईंजवळ येऊन बसायची आणि तो कामावर जायचा. नव्या कारखान्यात त्याला उलटेराव म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे तो काका होता. आधीचं टोपणनाव त्याला कधी फारसं आवडलं नव्हतं, पण आता कुणी हाक मारली असती तर बरं वाटलं असतं. तिथेही टेबलाशेजारी आरसा होता. पहिल्यांदाच तो आरशात बघायला लागला. ठसा बघायचा, मग आरशात बघायचा, मग छापलेला नमुना बघायचा आणि तरी खात्री वाटायची नाही. मशीन थांबून राहायची. तिथली देखरेख करणारी बाई, त्याला मुलगी असती तर तिच्याच वयाची असेल. ती येऊन म्हणाली, "काका, काही अडचण आहे का? जुन्या कारखान्याच्या लोकांनी तुमचं फार कौतुक सांगितलं होतं." तिनं चांगल्या मनानं विचारलं, आणि ते त्याला जास्त लागलं.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती तिला सांगण्यासारखी नव्हती. तो स्वतःलाच विचारत होता की हे डोळ्यानं केलं का मनानं. डोळ्याला सवय होती, कबूल. पण त्या दारात उभं राहताना त्याला घर तसंच असायला हवं होतं. इतकं हवं होतं की दार डावीकडे असतं काय नि छतावर असतं काय, त्याला ते तसंच दिसलं असतं. मग सासूबाई म्हणाल्या ते खोटं कसं? तो खोटं बोलला नव्हता. पण खरं बघितलंही नव्हतं.

रविवारच्या आदल्या दिवशी तो भंगाराच्या पेटीत झिजलेले ठसे टाकत होता. त्यातला एक हातमोज्यांच्या खोक्याचा होता. त्यावर पंजाचं चित्र, खऱ्या हाताएवढं, बोटं पसरलेली, रबरावर उठून आलेली. त्यानं तो टाकला, पुढचे दोन टाकले, मग परत वाकून तो काढला. देखरेखवाल्या बाईंना विचारलं, "हा नेऊ का घरी?"

"न्या की. काय करणार त्याचं?"

"बघतो."

घरी सासूबाईंची पिशवी भरून दारापाशी ठेवलेली होती. शेजारणीनं भरून दिली होती. त्या खाटेवर बसल्या होत्या. तो शेजारी बसला. आठवडाभर दोघांत कामापुरतंच बोलणं झालं होतं.

"आई, जरा हात द्या. डावा."

"आता काय?"

त्यानं ठसा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं रबरावर फिरली, कडेनं आत आली, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर गेली.

"हात आहे," त्या म्हणाल्या.

"आमच्या खोक्यावर छापतात. हा उजवा हात आहे."

त्यांनी आपला डावा पंजा त्यावर पालथा टेकवला. बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा. तो तंतोतंत बसला.

"हा डावा आहे, जावईबापू. माझा डावा बसला की त्यात."

त्यानं बघितलं. त्यांचा हात बघितला, रबराचा बघितला. "मला उजवा दिसतो, आई. आत्तासुद्धा. तुमचा हात त्यावर आहे तरी मला उजवाच दिसतो. खोक्यावर तो उजवा छापला जातो, म्हणून मला आधीपासूनच उजवा दिसतो. मी ते घर असंच बघितलं. आणि मला तसं बघायचंही होतं. तुम्ही मुलाकडे जावं असं मला वाटत नव्हतं. ते मी तुम्हाला बोललो नाही, आणि घराचं मात्र बोललो."

त्या हात तसाच ठेवून बसल्या. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तिची घंटी वाजली.

"ती तुम्हाला डावं-उजवं कधी सांगायचीच नाही," त्या एकदम म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणजे? माझी लेक. तुमच्या मागे स्कूटरवर बसायची तेव्हा."

त्याला आठवलं. बायको मागे बसली की रस्ता सांगायला तोंड उघडायची नाही. ज्या बाजूला वळायचं त्या खांद्यावर थाप मारायची. उजव्या खांद्यावर थाप, की उजवीकडे. ते त्याला फार आवडायचं. तिच्या हाताची ती थाप तो अजूनही रस्त्यानं जाताना खांद्यावर शोधायचा. त्याला वाटायचं, ती लाडानं करते.

"ती लाडानं..." तो म्हणाला.

"कसले लाड? लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, आई, ह्या माणसाला उजवीकडे म्हटलं की डावीकडे नेतो. परवा आम्ही लग्नाच्या ऐवजी कुणाच्या तरी दहाव्याला पोचलो." त्यांचे ओठ थरथरले. हसू होतं की काय ते त्याला कळेना. "मी म्हटलं, मग सांगू नकोस, थाप मार. बैल पण वळतो. मीच शिकवलं तिला ते."

त्याचा हात आपसूक खांद्यावर गेला.

"आणि मला हे सगळं माहीत असून मी तुम्हाला विचारलं, डाव्या हाताला का म्हणून," त्या म्हणाल्या. "मी पण शहाणीच."

"म्हणजे तुम्हाला पटलं? मी खोटं नाही बोललो?"

"पटलं." त्यांनी ठसा मांडीवरून उचलून त्याच्याकडे दिला. "पण घर उलटंच आहे, जावईबापू. पटलं म्हणून भिंत सरकत नाही."

पिशवी दारापाशीच राहिली.

सकाळी मुलगा आला. गाडी दारासमोर लावून, बूट न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. "आई, झालं का? ऊन वाढायच्या आत निघू."

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. एका हातानं ओटा धरून उभ्या होत्या. "जावईबापू, फळीवरचं सगळं खाली काढा," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं. जमिनीवर ठेवा माझ्यासमोर."

त्याचा हात उचलेना. डबे त्यानं जुन्या घरातून आणले होते, त्यांच्या ओळीसकट. बायकोच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ती ओळ मोडली की मग तो घरात काय सांभाळणार होता?

"तिनं लावलंय ते, आई."

"तिनं त्या भिंतीसाठी लावलं होतं. ही भिंत तिनं बघितली नाही." त्यांनी ओट्यावर हात दाबला. "मलाही सोपं नाही. काढा."

त्यानं एकेक डबा खाली काढला. त्या पाटावर बसल्या आणि प्रत्येक डबा उघडून बोटांनी बघायला लागल्या. दोरे सोडले. मिठाला दोराच नको म्हणाल्या, मीठ बरणीत घाला, बरणी हाताला वेगळी लागते. तांदूळ वर नकोतच, खाली ठेवा. शेवटी त्यांच्या हातात कंगवा आला. दात मोजत असाव्यात तशी त्यांनी त्यावरून बोटं फिरवली, मग तो पुढे केला.

"हा तुमच्याकडे ठेवा. फळीवर ह्याचं काही काम नाही. रोज माझ्या हाताला लागतो आणि रोज चहा उतू जातो."

त्यानं कंगवा शर्टाच्या खिशात ठेवला. खिसा लहान होता, अर्धा कंगवा बाहेर राहिला.

मुलगा दारातून म्हणाला, "आई, हे काय चाललंय? निघायचंय ना आपल्याला?"

"थांब रे. मीठ कुठे ठेवायचं ते ठरू दे."

"म्हणजे तू येत नाहीस?"

"प्लास्टर निघेपर्यंत इथे बघते. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तुझा तिसरा मजला कुठे पळून जातोय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जावयासाठी नाही राहत, रागावू नकोस. तुझ्याकडे गेले तर मला घर नव्यानं शिकावं लागेल, आणि इथेही नव्यानंच शिकायचंय. इथे निदान कुणी खेळणी टाकत नाही."

"भाऊजी, पुन्हा पडली तर?"

पडू शकत होत्या. प्लास्टर होतं, भिंत नवी होती, आणि दिवसभर तो कामावर असणार होता, जिथे त्याच्या डोळ्यावर त्याचाच भरवसा उरला नव्हता. "पडतील कदाचित," तो म्हणाला. "मी काही सांगू शकत नाही."

मुलानं त्याच्याकडे बघितलं. उत्तर त्याला आवडलं नाही, पण त्यानं वाकून बुटाची नाडी सोडली.

"चला, बरणी घ्या," सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "फळीसमोर उभे राहा. मी सांगेन तिथे ठेवा."

तो मिठाची बरणी घेऊन फळीसमोर उभा राहिला. त्या मागून आल्या, पाय चाचपत, ओट्याच्या आधारानं. त्यांचा श्वास त्याच्या पाठीशी ऐकू आला.

"कुठे ठेवू, आई? डावीकडे की..."

त्याच्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. प्लास्टरच्या हाताची होती, जड आणि थोडी दुखवणारी. तो त्या बाजूला सरकला.

"अजून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा थाप मारली.